दोरीपलीकडची माणसं

१

शूटिंग म्हटलं की लोकांना नट-नट्या आठवतात. मला बाकडी आठवतात. साहेबांच्या खोलीबाहेरची, एका पायानं लंगडणारी बाकडी. त्यांच्यावर बसून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. माझं काम लोकेशनचं. जागा शोधायची, तिची परवानगी मिळवायची, आणि काम आटोपलं की जशी होती तशी ती ज्याची त्याला परत करायची. बाकी सगळं युनिट बघतं.

ती गल्ली मला बघताक्षणी आवडली, कारण तिला एकच तोंड होतं. दोन्ही बाजूंना दुमजली जुनी घरं, शेवटाला उंच भिंत. वाहनं दुसरीकडून वळवायची भानगड नाही. तोंडाशी एक दोरी बांधली की झालं. दिग्दर्शकाला अशीच गल्ली हवी होती आणि तीन दिवसांसाठी ती मला मिळाली. नगरपालिकेच्या साहेबांनी सही करताना एकच गोष्ट बजावून सांगितली. ज्याचं घर आत आहे त्याला अडवायचं नाही, कधीही आत सोडायचं. मी मान डोलावली. ही अट सगळीकडेच असते आणि मी ती पाळते. शॉट चालू असेल तर तेवढं 'दोन मिनिटं थांबा' म्हणते. लोक कुरकुरतात, पण थांबतात.

घरोघरी जाऊन मी रहिवाशांचं 'हो' मिळवलं. कोणी नाक मुरडलं, कोणी मुलाला सिनेमात काम देता का म्हणून विचारलं. सगळ्यात लवकर तयार झाल्या त्या हिरव्या दाराच्या घरातल्या वहिनी. घरात त्या आणि त्यांचे सासरे, दोघंच. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. घर सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. आता ते दिवसभर खिडकीशी बसून असत, कमी ऐकू यायचं, पण नजर तल्लख. वहिनींनी पुढची खोली मेकअपसाठी दिली. चार माणसांचे आवाज घरात येतील, बरं वाटेल, असं म्हणाल्या. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती ओढून लावताना माझं बोट चेपलं, तेव्हा त्यांनी माझा हात नळाखाली धरला आणि लहान मुलीला रागवावं तशा रागावल्या. तिथपासून आमचं जमलं.

२

पहिल्या दिवशी सकाळी दोरी बांधली आणि तिथे दोरीवाल्या काकांना उभं केलं. काका म्हणजे आमच्या कंपनीचा जुना माणूस. आवाज असा की गर्दीतलं रडणारं मूलही गप्प व्हावं. बघ्यांना आवरणं हेच त्यांचं काम, आणि ते आम्हाला सगळीकडे लागतं. कोणी शिट्टी मारतं, कोणी हीरोला मामा म्हणून हाक मारतं, कोणी ऐन शॉटमध्ये फोनवर सासूशी भांडतं.

त्या दिवशी कोणी काहीच केलं नाही.

हे आधी लक्षात आलं ते आमच्या ध्वनिमुद्रकाच्या. युनिटमध्ये सगळे त्याला नुसतं 'कान' म्हणतात. दुपारी तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला की तुझ्या गर्दीला काय पाजलं आहेस, खोकल्याचासुद्धा आवाज येत नाही. मला वाटलं, कौतुक करतोय. मी दोरीपाशी गेले.

तीस-चाळीस माणसं असतील. म्हातारी, तरुण, एक बाई कडेवर मूल घेतलेली, कामावरून परतल्यासारखे दोघे-तिघे. सगळी दोरीला अगदी लागून, पण दोरीला ताण न देता उभी होती. शूटिंगची गर्दी मी आयुष्यभर बघत आले आहे, तरी इथे काय चुकतंय ते कळायला मला थोडा वेळ लागला. एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. कोणी फोटो काढत नव्हतं.

काकांना हे सकाळीच जाणवलं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ही बघायला आलेली माणसं नाहीत. हीरो समोरून गेला, एकानं मान वळवली नाही. हे घरांकडे बघतायत."

मी म्हटलं की बरंच आहे, आपला त्रास वाचला. तसं म्हणताना मला तसं वाटलंही होतं.

३

त्या दुपारीच ती बाई माझ्याशी बोलली. राखाडी स्वेटर, केस नीट मागे बांधलेले, चेहरा असा की उद्या बाजारात दिसली तर ओळखू येऊ नये. दोरीवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, "हिरव्या दाराचं घर आमचं. जाऊ का आत?"

कॅमेरा सुरू होणारच होता. मी सवयीनं म्हटलं, "दोन मिनिटं थांबा. शॉट झाला की सोडते."

तिनं मान हलवली. कुरकुर नाही की घड्याळाकडे बघणं नाही.

शॉट झाला. दुसरा लागला. मग जेवणाची सुट्टी झाली आणि मला ती आठवली. वहिनींकडे कोणी पाहुणी आली असेल, म्हणून मी आत जाऊन विचारलं. वहिनी म्हणाल्या की आमच्याकडे कोण येणार, आणि येणार असतं तर मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले नसते का. मी बाईचं वर्णन केलं. त्यांनी खांदे उडवले.

बाहेर आले तर ती तिथेच, तशीच. हातही दोरीवर त्याच जागी. मी जरा समजुतीच्या सुरात सांगितलं की त्या घरातल्या वहिनी तुम्हाला ओळखत नाहीत, तुमचं घर दुसरीकडे असेल.

"तिला माहीत नसेल," ती म्हणाली. रागानं नाही. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "मागच्या खोलीची खिडकी अजून ओढूनच लावावी लागते का हो?"

माझं चेपलेलं बोट अजून सुजलेलंच होतं.

मी स्वतःला समजावलं. जुनी भाडेकरू असेल. जुन्या घरांच्या खिडक्या अशाच असतात. डोक्यावर परिणाम झालेली बिचारी एखादी, शूटिंगच्या गडबडीत इथे येऊन थांबलेली. तरी संध्याकाळी सासऱ्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलून मी विचारलंच. ते म्हणाले की हे घर कधीच भाड्यानं दिलेलं नाही, पहिल्या दिवसापासून आमचीच माणसं इथे राहिली. मग खिडकीबाहेर बोट दाखवून त्यांनी विचारलं की ती एवढी माणसं तिथे कशाला थांबवून ठेवली आहेत. मी म्हटलं, शूटिंग बघतायत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तोंड वळवलं.

घरी निघताना मी काकांना विचारलं, गर्दी किती वाजता पांगली? काका दोरी गुंडाळत होते. ते म्हणाले की मी सामान ठेवायला गाडीकडे वळलो तेव्हा होती, परत आलो तेव्हा नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा गर्दी आमच्या आधी आलेली होती. दोरी बांधायची होती, तरी सगळे बरोबर त्या रेषेवर उभे होते. काकांनी निमूटपणे त्यांच्या पोटासमोरून दोरी ओढून घेतली.

मी नगरपालिकेच्या साहेबांना फोन केला. या गल्लीत घरांवरून काही वाद आहे का, कोणाला बाहेर काढलंय का, असं आडून आडून विचारलं. ते हसले. म्हणाले की ती गल्ली म्हणजे आमच्या डोक्याला शून्य ताप, तिथून कोणी जात नाही आणि तिथे नवीन कोणी येतही नाही.

दुपारी कानला गर्दीचा गलका हवा होता. सिनेमात ती गल्ली बाजाराच्या मागे आहे असं दाखवायचं होतं, आणि आयती एवढी माणसं समोर होती. त्यानं दोरीपाशी माइक लावला. काकांनी सगळ्यांना सांगितलं की काहीही बोला, आपापसात बोला, फक्त मोठ्यानं हसू नका.

ते बोलायला लागले. सगळे एकदम, खालच्या आवाजात. आपापसात मात्र नाही. कोणी कोणाकडे वळलं नाही, तोंडं सगळी गल्लीकडेच. लांबून ऐकलं तर अगदी गर्दीसारखं वाटत होतं. मी समाधानानं कानकडे बघितलं.

त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं हेडफोन काढला आणि माझ्यापुढे धरला. मी तो कानाला लावला.

"...जिन्याखालची खोली. पहिली पायरी हलते..."

"...स्वयंपाकघराच्या खिडकीला निळी काच. कोपरा तडकलेला..."

"...गच्चीवरची, टाकीशेजारची. रात्री पाणी पडल्याचा आवाज येतो..."

"...दार ढकलू नये, उचलून आत घ्यावं, मग लागतं..."

प्रत्येक जण एकेका घराबद्दल बोलत होता, संथपणे, पत्ता विसरू नये म्हणून घोकावा तसं. मी मान वर करून बघितलं. उजवीकडच्या तिसऱ्या घराला निळी काच होती. कोपरा तडकलेला होता.

त्या सगळ्या आवाजांत एक आवाज माइकच्या अगदी जवळ होता. तो घराबद्दल बोलत नव्हता. तो म्हणत होता, "ताई म्हणाल्या, सोडते."

मी हेडफोन काढला आणि म्हटलं, "पुरे. थँक्यू." ते थांबले. शब्द अर्धा असेल तिथे, एकाच क्षणी.

कान माइक उचलताना माझ्याकडे बघत नव्हता. हे आपण वापरायचं नाही, गलका बाहेरून कुठूनतरी घेऊ, एवढंच म्हणाला. दिग्दर्शकाला सांगावं असं मनात आलं होतं. पण सांगणार काय? गर्दी फार शहाण्यासारखी वागते, ही तक्रार आजवर कोणी केली असेल असं वाटत नाही.

५

तिसरा दिवस शेवटचा. मी ठरवून दोरीकडे गेले नाही. गल्लीच्या आतच राहिले, कामं काढत राहिले. दुपार उलटल्यावर वहिनी पायात चपला घालून बाहेर आल्या. सासऱ्यांची औषधं आणि थोडं सामान आणायचं होतं. मी त्यांना म्हटलं की मी माणूस पाठवते, तुम्ही जाऊ नका. त्यांनी हसून विचारलं की का, मला काय झालंय. त्यांच्याबरोबर मी दोरीपर्यंत गेले. काकांनी दोरी वर केली, गर्दी दुभंगली, वहिनी पलीकडे गेल्या आणि गर्दी पुन्हा मिटली.

मी तिथेच थांबले. ती बाई काल होती तिथे नव्हती. त्यामुळे बरं वाटायला हवं होतं.

अर्ध्या तासानं वहिनी दिसल्या. गर्दीच्या मागून येत होत्या, हातात भरलेली मोठी पिशवी. पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात होता आणि दुसरा त्या राखाडी स्वेटरवाल्या बाईच्या. दोघी बोलत येत होत्या. म्हणजे ती बाई बोलत होती आणि वहिनी ऐकत होत्या, एखाद्या जुन्या ओळखीचं ऐकावं तशा.

काकांनी दोरी घट्ट धरून माझ्याकडे बघितलं.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही एकट्या या. पिशवी मी घेते."

"अहो, जड आहे," वहिनी म्हणाल्या. "यांनी धरलीय ना."

त्यांच्या कपाळावर घाम होता. चेहऱ्यात काही वेगळं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. रहिवाशाला अडवायचं नाही ही अट होती आणि वहिनी रहिवासी होत्या. मागे दिग्दर्शक ओरडत होता की दोरीपाशी काय चाललंय, शॉट लागलाय. दोरी मीच वर केली. वहिनी वाकल्या, ती बाईही वाकली, आणि दोघी पिशवी झुलवत हिरव्या दारातून आत गेल्या. दार ढकललं गेलं ते त्या बाईच्या हातानं.

तासाभरानं मेकअपचं सामान काढायला मी त्या घरात गेले. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. सामान त्यांनी आधीच बांधून उंबऱ्याशी ठेवलं होतं. आत ताटांचा आवाज येत होता. सगळं ठीक आहे ना, असं मी विचारलं.

"हो, हो," त्या म्हणाल्या. "आमच्यातल्याच आहेत." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "त्यांना सगळं माहितीये, ताई. मला जे सापडत नव्हतं तेसुद्धा."

मी त्यांना म्हटलं की आज रात्री माझ्याकडे चला, सासऱ्यांनाही घेऊ. त्यांनी मागे वळून बघितलं, कोणाला तरी विचारावं तसं, आणि मग नको म्हणाल्या.

६

परवाना संध्याकाळी संपत होता. काकांनी दोरी सोडली आणि गर्दीला म्हणाले, झालं, आता मोकळं आहे. कोणी हललं नाही. दोरी नव्हती, तरी सगळे त्याच रेषेवर उभे होते, आणि या वेळी घरांकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

'या' एवढाच शब्द म्हणायचा होता. नाहीतर 'जा'. मी दोन्हीपैकी काहीच बोलले नाही. गाडीचा हॉर्न वाजला आणि मी मान खाली घालून त्यांच्या कडेनं निघून गेले.

वहिनींना मी नंतर दोनदा फोन केला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, पण कोणी बोललं नाही, नळाखाली भांडं भरल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी मनाची समजूत घातली की माझा तिथे काय संबंध. शूटिंगच्या ओळखी अशाच असतात, गाडी सुटली की सुटतात.

७

महिना-दीड महिन्यानं एडिटिंग चालू असताना कळलं की हिरव्या दाराचा एक शॉट कमी पडतोय. नवीन परवानगी काढायची तर आधी घरमालकाचं 'हो' हवं. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. मीच गेले, वहिनींच्या बोटीवरच्या नवऱ्याला कधी तोंड दाखवायची वेळ आली तर काय सांगू, असं सारखं वाटत होतं म्हणून.

दुपार कलायला लागली होती. रिक्षा गल्लीत शिरताना तोंडाशी काही माणसं उभी दिसली. बसची वाट बघत असतील असं मला वाटलं.

दार त्या बाईनं उघडलं. अंगात स्वेटर नव्हता, वहिनींचा घरात घालायचा गाऊन होता. मागे सासरे टेबलाशी बसून खात होते. नेहमी खिडकीशी असणारी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. त्यांनी मला बघितलं, आणि ताटात पुन्हा मान घातली. लवकर लवकर खाऊ लागले. ती म्हणाली की सावकाश, आणि त्यांनी घास तोंडात तसाच धरून ठेवला.

मी शूटिंगचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "वहिनी कुठेत?"

"ती बाहेर आहे," बाई म्हणाली.

"कधी येतील?"

"तुम्ही सोडलंत की येईल."

आणि तिनं दार उचलून आत घेतलं आणि लावलं.

मी गल्लीच्या तोंडाकडे चालत गेले. धावले नाही. धावलं तर काहीतरी खरं ठरेल असं वाटत होतं. ती माणसं दोरीच्या रेषेवर उभी होती. कडेवर मूल घेतलेली बाई, कामावरून आल्यासारखे ते दोघे-तिघे. पहिल्या रांगेत, डाव्या बाजूला वहिनी. घरातल्याच कपड्यांत, पाय धुळीनं भरलेले. दोन्ही हात कमरेच्या उंचीवर पुढे धरलेले होते, बोटं वळवलेली. हातांखाली काही नव्हतं.

"वहिनी, चला घरी."

त्यांनी मला ओळखलं. हसल्या. "झाला का शॉट, ताई?"

"केव्हाच झाला. चला."

त्यांनी मान हलवली, समजूतदारपणे, पण पाऊल उचललं नाही. मी त्यांचा हात धरून ओढला. हात माझ्याकडे आला आणि मधेच अडला. मी जोर लावला तशा त्या कळवळल्या. लागतंय हो, असं हळूच म्हणाल्या.

मग मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. डोक्यानं काही ठरवलं नव्हतं, हातांनी केलं. मी वाकले, त्यांच्या मुठींच्या बाजूला हवेत बोटं घातली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, दोरी उचलावी तसं वर उचललं. खांद्यापर्यंत, मग डोक्यावर. हातांत काही नव्हतं, पण वजन होतं. वहिनी वाकल्या. त्यांचे केस माझ्या मनगटाला घासून गेले. अलीकडे येऊन त्या ताठ झाल्या आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागल्या.

मी हात खाली घेणार तोच मागचा म्हातारा वाकला. त्याच्या पाठोपाठ मुलाची आई, मुलाच्या डोक्यावर हात धरून. मग पुढचा. एक जण पुरता बाहेर पडायच्या आत दुसऱ्याची मान खाली आलेली असायची. धक्काबुक्की नव्हती. मला लागू नये म्हणून जपून येत होते. काही जण 'थँक्यू, ताई' म्हणत होते. माझे खांदे भरून आले, दंड थरथरायला लागले. मागे रांग कुठपर्यंत गेली होती ते दिसत नव्हतं, रस्ता वळला होता तिथवर डोकीच डोकी होती.

पाठीमागे गल्लीत एकेक दार वाजायला लागलं. आतून कोणीतरी विचारत होतं, कोण पाहिजे? दुसऱ्या घरातून पण, तिसऱ्या घरातून पण. मला वळून बघता येत नव्हतं. वहिनींना कोणी दार उघडलं की नाही, तेही कळत नव्हतं. मी हात वर धरून उभी होते, कारण ते खाली घ्यायला मधे रिकामी जागाच सापडत नव्हती.